कासव येण्याआधी

मुलांना संगणक शिकवायचा म्हणजे चित्रापासून सुरुवात, हे आज आपण गृहीतच धरतो. पण लोगो ही मुलांसाठीची भाषा १९६७ साली अमेरिकेत तयार झाली, तेव्हा तिच्यात चित्र नव्हतंच. वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या भाषेत मुलं शब्दांशी, वाक्यांशी खेळत. कासव आलं ते काही वर्षांनी. जमिनीवर फिरणारं यंत्र आणि पडद्यावरचं, अशी त्याची दोन रूपं.

त्यानं काय बदललं? समभुज त्रिकोण काढायला मूल कासवाला दरवेळी ६० अंश वळायला सांगतं. होतो अर्धा षटकोन! मग मूल स्वतःच कासव होऊन चालून बघतं आणि कळतं, की वळायचं १२० अंश. आतला कोन नव्हे, बाहेरचा. चूक डोळ्यांना दिसली, म्हणून भूमिती पायांना कळली.

पुढे २००७ साली एमआयटीतून स्क्रॅच आलं. २०१३च्या आवृत्तीत व्हेक्टर चित्रं आली. आकृती कितीही मोठी करा, कडा फाटत नाहीत. २०१९मध्ये चित्रांची साधनं आणखी सुधारली. मात्र त्याच वेळी आज्ञा देऊन रेघ काढणारे पेनचे ठोकळे मुख्य यादीतून विस्तारांत गेले.

हातानं रंगवणं सोपं झालं, हे चांगलंच. पण माउसनं काढलेला त्रिकोण मुलाला १२० अंशांबद्दल काही विचारत नाही. म्हणून नवं साधन आलं, की आपण एवढंच बघायचं: यात मुलाला स्वतःची चूक दिसते का?