खंड्याची पालखी

कोल्हापुरात ‘शाहू महाराज’ म्हटले की राजर्षींची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आज सांगावयाची कथा त्यांची नव्हे. ती साताऱ्याच्या गादीवरील छत्रपती शाहूंची, संभाजी महाराजांच्या पुत्राची आहे. १७०८ ते १७४९ या काळात त्यांनी राज्य केले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांची सीमा ठरली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

या शाहूंना शिकारीचा मोठा नाद होता. त्यांच्या आवडत्या कुत्र्याला परंपरा ‘खंड्या’ या नावाने ओळखते. साताऱ्याजवळ संगम माहुलीस त्याची समाधी आजही दाखविली जाते. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने धन्याचे प्राण वाचविले होते. त्याची उतराई म्हणून महाराजांनी रीतसर सनद करून त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान बहाल केला. पालखी म्हटली की भोई आले, त्यांचा खर्च आला. दरबाराने तोही निमूटपणे चालविला.

ही हकिगत ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. त्याने आणखी एक प्रसंग सांगितला आहे. दोन मराठे सरदार भेटीस यावयाचे होते. भरदरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे वस्त्र पांघरले, अंगावर दागिने घातले आणि स्वतःची पगडी काढून त्याच्या मस्तकी ठेवली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पुन्हा काही घातले नाही, असे डफ लिहितो.

वाचकहो, हे वाचून हसू येते. असेच हसू २००० साली निघालेल्या ‘बेस्ट इन शो’ या अमेरिकन विनोदी चित्रपटाने जगाला आणले. दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्ट यांनी त्यात श्वानप्रदर्शनाला निघालेल्या मालकांची गंमत दाखविली आहे. कुत्र्याचे खेळणे हरवले म्हणून एक सुशिक्षित जोडपे आकांडतांडव करते. बिचारा कुत्रा मात्र त्यांच्याकडे पाहत राहतो. कुत्री सारी शहाणी, वेडी काय ती माणसे!

या प्रदर्शनांचा आरंभही मौजेचा आहे. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ च्या जून महिन्यात, कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून, पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींची स्पर्धा भरली. बक्षीस होते बंदुकीचे. पॉइंटरांच्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटरांच्या एका परीक्षकाचा पॉइंटरांत! पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि जातींचे नियम कागदावर उतरले.

आपल्याकडे या नियमांत बसलेली जात म्हणजे कारवानी. कोल्हापूरच्या पूर्वेस मुधोळ संस्थान होते. ते गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची पैदास जोपासली आणि पाचव्या जॉर्ज बादशहांना त्यांची जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले आणि २०१६ मध्ये भारतीय सेनेने त्याला प्रशिक्षणासाठी मेरठला नेले. परंतु राजाश्रयापूर्वीही ही जात दख्खनच्या खेडोपाडी सशाच्या मागे धावत आणि राखण करीत जगलीच होती. तिला तेव्हा पदक नव्हते, भाकरीचा तुकडा होता.

मग कुत्र्याचा सन्मान करणे हे वेडच म्हणावयाचे का? येथे डफच्याच मजकुराकडे पुन्हा वळले पाहिजे. सर्वांत धाकट्या राणीच्या मृत्यूनंतर महाराजांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, असे सांगतात, हेही त्याने तेथेच लिहून ठेवले आहे. हे कळल्यावर हसू ओसरते. एक वृद्ध, शोकाकुल राजा भरदरबारात बसला आहे. भोवती मुजरे करणारे पुष्कळ, परंतु त्याची पगडी त्याला कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावीशी वाटली. जहागिरी मागणाऱ्यांच्या त्या गर्दीत न मागता प्राण वाचविणारा तो एक होता.

प्रदर्शनातील मालक पुष्कळदा कुत्र्याच्या गळ्यात पदक घालून ते स्वतःच मिरवितो. शाहूंनी मात्र स्वतःचा मान उतरवून कुत्र्याला दिला. बाहेरून दोन्ही कृत्ये सारखीच हास्यास्पद दिसतात. एकीत हौस आहे, दुसरीत कृतज्ञता आणि दुःख आहे. शेजारचा एखादा एकाकी वृद्ध आपल्या कुत्र्याशी तासन्‌तास बोलत बसलेला दिसला, तर हसण्यापूर्वी खंड्याची पालखी आठवावी आणि त्याच्या ओट्यावर घटकाभर जाऊन बसावे.