निन्टेन्डो स्विचवरील व्हॉइस चॅट

निन्टेन्डो स्विचवरील व्हॉइस चॅट ही निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या स्विच या गेम कन्सोलवर ऑनलाइन खेळणाऱ्यांना परस्परांशी बोलता यावे यासाठी असलेली सुविधा आहे. निन्टेन्डोच्या स्वतःच्या बहुतेक गेममध्ये ही सुविधा कन्सोलमध्ये अंतर्भूत नव्हती. तिच्यासाठी खेळाडूला स्मार्टफोनवर ‘निन्टेन्डो स्विच ऑनलाइन’ हे स्वतंत्र ॲप चालवावे लागे. खेळ एका उपकरणावर आणि संभाषण दुसऱ्या उपकरणावर अशा या विभागणीमुळे जुलै २०१७ पासून या व्यवस्थेवर सातत्याने टीका झाली. ५ जून २०२५ रोजी बाजारात आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या कन्सोलमध्ये ‘गेमचॅट’ ही अंतर्भूत सुविधा देण्यात आली.

== पार्श्वभूमी ==

सांघिक ऑनलाइन खेळात दोन्ही हात नियंत्रकावर आणि नजर पडद्यावर असते. अशा वेळी मजकूर टाइप करणे शक्य नसल्याने सहकाऱ्यांना सूचना देण्याचे बोलणे हेच व्यवहार्य साधन ठरते. वैयक्तिक संगणकावर ही गरज सुरुवातीस टीमस्पीक, व्हेंट्रिलो आणि मंबल यांसारख्या स्वतंत्र प्रणालींनी भागवली. २०१५ साली सुरू झालेल्या डिस्कॉर्डने पुढे या क्षेत्रात मोठे स्थान मिळवले.

गेम कन्सोलवर २००२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी ‘सोकॉम’ हा गेम हेडसेटसह विक्रीस आला. १५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली. तिच्या प्रारंभिक संचातही हेडसेट होता. त्यानंतर बोलण्याची सोय कन्सोलमध्येच असावी, ही अपेक्षा खेळाडूंमध्ये रूढ झाली.

निन्टेन्डोने या बाबतीत सावध धोरण ठेवले. २००६ सालच्या निन्टेन्डो डीएसवरील ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’ या गेममध्ये मर्यादित स्वरूपात व्हॉइस चॅट होते. २००८ साली वी कन्सोलसाठी ‘वी स्पीक’ हा मायक्रोफोन आला. दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवावयाच्या या उपकरणाचा वापर मोजक्याच गेममध्ये होऊ शकला.

== घोषणा आणि प्रारंभ ==

जानेवारी २०१७ मध्ये टोकियो येथील कार्यक्रमात स्विचची सविस्तर माहिती देण्यात आली. मित्रांना खेळासाठी बोलावणे आणि खेळताना बोलणे ही कामे स्मार्टफोनवरील ॲपद्वारे होतील, असे त्या सुमारास स्पष्ट झाले. स्मार्टफोन लोकांजवळ सदैव असतोच, त्यामुळे वेगळा अवजड हेडसेट बाळगण्याची गरज उरणार नाही, अशी या निर्णयामागील भूमिका कंपनीकडून मांडण्यात आली.

स्विच ३ मार्च २०१७ रोजी विक्रीस आला. ॲप जुलै २०१७ मध्ये, ‘स्प्लॅटून २’ या गेमच्या प्रकाशनाच्या सुमारास उपलब्ध झाले. स्प्लॅटून २ मध्ये चार-चार खेळाडूंचे दोन संघ रंगाने जमीन व्यापण्यासाठी स्पर्धा करतात. या प्रकारच्या गेममध्ये सहकाऱ्यांशी झटपट संपर्क आवश्यक असल्याने ॲपची खरी कसोटी येथेच लागली. पुढे ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’, ‘सुपर स्मॅश ब्रोज अल्टिमेट’ आणि ‘स्प्लॅटून ३’ इत्यादी गेममध्येही हीच पद्धत वापरली गेली.

प्रारंभी ऑनलाइन सेवा विनामूल्य होती. १८ सप्टेंबर २०१८ पासून तिच्यासाठी शुल्क आकारण्यात येऊ लागले. अमेरिकेत हे शुल्क प्रति वर्ष १९.९९ डॉलर होते. ॲपमधील व्हॉइस चॅटसाठीही हे सभासदत्व आवश्यक झाले.

== कार्यपद्धती ==

ॲप वापरण्यासाठी खेळाडूला फोनवर आपल्या निन्टेन्डो खात्याने प्रवेश करावा लागे. कन्सोलवर संबंधित गेममध्ये ऑनलाइन कक्ष तयार केल्यानंतर ॲप तो कक्ष ओळखून खेळाडूला संभाषणात सामील करून घेई. स्प्लॅटून २ मध्ये सामन्याच्या वेळी केवळ आपल्या संघाशी बोलण्याची सोय होती. यादृच्छिक पद्धतीने जुळलेल्या अनोळखी खेळाडूंशी मात्र बोलता येत नसे. संभाषण मित्रांपुरते आणि निमंत्रितांपुरते मर्यादित होते.

या रचनेत दोन ध्वनिप्रवाह निर्माण होत. गेमचे संगीत व आवाज कन्सोलमधून येत, तर सहकाऱ्यांचे बोलणे फोनमधून येई. हेडफोन फोनला जोडल्यास गेमचे आवाज कानावर पडत नसत आणि कन्सोलला जोडल्यास सहकाऱ्यांचे बोलणे ऐकू येत नसे. दोन्ही एकत्र ऐकण्यासाठी आवाजांचे मिश्रण करणारे तिसरे उपकरण लागे. निन्टेन्डोच्या परवान्याने होरी या कंपनीने स्प्लॅटून २ साठी असा एक हेडसेट तयार केला. त्यात माकुळाच्या आकाराच्या मिश्रकातून एक तार कन्सोलकडे, एक फोनकडे आणि एक हेडफोनकडे जात असे. तारांच्या या गुंत्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात पसरले आणि संपूर्ण व्यवस्थेच्या उपहासाचे प्रतीक बनले.

== टीका ==

खेळाडू आणि गेमविषयक पत्रकार यांनी घेतलेले आक्षेप पुढीलप्रमाणे होते.

* फोनवर अवलंबून राहणे: सुरुवातीच्या आवृत्तीत फोनचा पडदा बंद झाल्यास किंवा दुसरे ॲप उघडल्यास संभाषण खंडित होई. त्यामुळे संपूर्ण खेळभर पडदा चालू ठेवावा लागे आणि बॅटरी वेगाने संपे. सप्टेंबर २०१७ मधील १.१.० या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला.
* व्यत्यय: खेळ चालू असताना येणारे दूरध्वनी आणि सूचना यांमुळे संभाषणात अडथळा येई.
* सशुल्क सेवा: स्पर्धक कन्सोलवर जी सोय अंतर्भूत होती, तिच्यासाठी येथे शुल्काबरोबरच दुसरे उपकरणही लागत होते.
* मुलांची अडचण: स्विचच्या वापरकर्त्यांमध्ये स्वतःचा स्मार्टफोन नसलेली लहान मुले मोठ्या संख्येने होती. त्यांना पालकांचा फोन घेणे भाग पडे.
* पर्यायांची सुलभता: फोन वापरावयाचाच असेल तर डिस्कॉर्ड, स्काइप किंवा साधा सामूहिक कॉल अधिक सोपा ठरतो, असा युक्तिवाद करण्यात आला. अनेक खेळाडूंनी प्रत्यक्षात हाच मार्ग स्वीकारला. परिणामी, अधिकृत ॲप उपलब्ध असूनही संभाषण निन्टेन्डोच्या देखरेखीबाहेर गेले.

== तांत्रिक मर्यादेचा प्रश्न ==

कन्सोलची क्षमता कमी असल्यामुळे ॲपचा मार्ग निवडला गेला, हे स्पष्टीकरण पुरेसे ठरले नाही. मूळ स्विचमध्ये अंतर्भूत मायक्रोफोन नसला, तरी त्यावर ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जोडबिंदू होता. १२ जून २०१८ रोजी एपिक गेम्सचा ‘फोर्टनाइट’ हा गेम स्विचवर आला. लवकरच त्यात या जोडबिंदूला लावलेल्या हेडसेटद्वारे थेट बोलण्याची सोय झाली. त्यासाठी फोन, ॲप किंवा निन्टेन्डोचे सशुल्क सभासदत्व यांपैकी कशाचीही आवश्यकता नव्हती. व्हिवॉक्स या कंपनीच्या तंत्रज्ञानाने हे साधण्यात आले. त्यानंतर इतर काही कंपन्यांनीही आपल्या स्विचवरील गेममध्ये अशी सोय दिली. या उदाहरणांमुळे ॲपचा मार्ग हा मुख्यतः धोरणात्मक निर्णय होता, असे मत दृढ झाले.

काही अडचणी मात्र यंत्ररचनेशी निगडित होत्या. स्विच दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर हेडफोनचा जोडबिंदू खेळाडूपासून दूर राही आणि स्विचच्या प्रो कंट्रोलरवर असा जोडबिंदू नव्हता. सप्टेंबर २०२१ मधील १३.०.० या प्रणाली अद्ययावतीकरणाने ब्लूटूथ हेडफोन जोडण्याची मुभा मिळाली, पण ब्लूटूथ मायक्रोफोनचा वापर तेव्हाही शक्य नव्हता.

== बालसुरक्षेचा मुद्दा ==

निन्टेन्डोच्या सावधपणामागे मुलांच्या सुरक्षेचा विचार असल्याचे मानले जाते. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी कंपनीने निन्टेन्डो ३डीएसवरील ‘स्वॅपनोट’ या सेवेद्वारे इंटरनेटवरून संदेश पाठवण्याची सुविधा बंद केली. अल्पवयीन मुले अनोळखी व्यक्तींना आपले मित्र-संकेतांक देत होती आणि त्यातून आक्षेपार्ह मजकुराची देवाणघेवाण होत होती, असे कारण कंपनीने त्या वेळी दिले होते.

अनोळखी खेळाडूंमधील मुक्त संभाषणाचे धोके अभ्यासांतूनही दिसून आले आहेत. ‘न्यू मीडिया अँड सोसायटी’ या नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी ‘हॅलो ३’ या गेममध्ये आधी ध्वनिमुद्रित केलेली स्त्री व पुरुष आवाजातील वाक्ये वापरली. स्त्रीच्या आवाजाला मिळालेल्या नकारात्मक प्रतिक्रिया पुरुषाच्या आवाजाच्या तुलनेत सुमारे तिप्पट होत्या. बोलताच खेळाडूचे लिंग आणि अंदाजे वय उघड होते, हा व्हॉइस चॅटचा मजकुरापेक्षा वेगळा धोका आहे.

टीकाकारांनी हा धोका नाकारला नाही. सुरक्षेसाठी संभाषण केवळ मित्रांपुरते ठेवणे, पालकांच्या परवानगीची अट घालणे आणि गैरवर्तनाची तक्रार करण्याची सोय देणे हे उपाय कन्सोलमध्येही करता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर ६० सेकंदांची ध्वनिफीत जतन करून तक्रारीसोबत पाठवण्याची सोय उपलब्ध करून दिली.

== इतर कन्सोलवरील तुलना ==

फोनच्या मध्यस्थीचा प्रश्न केवळ निन्टेन्डोपुरता नव्हता. २०२२ साली एक्सबॉक्सवर आणि २०२३ साली प्लेस्टेशन ५ वर डिस्कॉर्डची सोय आली, तेव्हा सुरुवातीस संभाषण कन्सोलवर आणण्यासाठी फोनवरील किंवा संगणकावरील ॲपची मदत घ्यावी लागे. नंतर दोन्ही कन्सोलवर संभाषणात थेट सामील होण्याची सोय झाली. मात्र यात एक मूलभूत फरक होता. फोनचा उपयोग केवळ जोडणीपुरता होता. एकदा जोडणी झाली की बोलणे आणि गेमचे आवाज एकाच हेडसेटमध्ये ऐकू येत. शिवाय दोन्ही कन्सोलची स्वतःची व्हॉइस चॅट सुविधाही उपलब्ध होती.

== गेमचॅट ==

२ एप्रिल २०२५ रोजी निन्टेन्डोने स्विच २ सोबत गेमचॅटची घोषणा केली. या कन्सोलमध्ये मायक्रोफोन अंतर्भूत असून नियंत्रकावरील ‘सी’ हे बटण दाबून संभाषण सुरू करता येते. एका संभाषणात जास्तीत जास्त १२ जण सहभागी होऊ शकतात. स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने चित्रसंवादही करता येतो. सहभागी व्यक्ती वेगवेगळे गेम खेळत असल्या तरी संभाषण चालू राहते. स्विच २ च्या प्रो कंट्रोलरवर हेडफोनचा जोडबिंदूही देण्यात आला. ३१ मार्च २०२६ पर्यंत ही सेवा सभासदत्वाशिवाय उपलब्ध ठेवण्यात आली.

फोनचे स्थान मात्र पूर्णतः संपुष्टात आले नाही. गेमचॅट सुरू करण्यासाठी भ्रमणध्वनी क्रमांकाची लघुसंदेशाद्वारे पडताळणी करावी लागते. १६ वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी स्मार्टफोनवरील पालक-नियंत्रण ॲपमधून परवानगी देणे आवश्यक असते. मूल कोणत्या मित्रांशी बोलू शकेल, हेही पालक ठरवू शकतात. अशा रीतीने फोन हे बोलण्याचे साधन न राहता ओळख आणि परवानगी तपासण्याचे साधन बनले.

== भारतातील संदर्भ ==

मूळ स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विक्रीस आणला नाही. महाराष्ट्रासह देशभरात तो प्रामुख्याने आयातदारांमार्फत उपलब्ध होत असे. भारतात ऑनलाइन गेममधील व्हॉइस चॅटचा प्रसार मुख्यतः मोबाइल गेममधून झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि २०१८ साली आलेला ‘पब्जी मोबाइल’ देशभर लोकप्रिय झाला. यात चार जणांच्या तुकडीला गेममध्येच परस्परांशी बोलता येत असे. खेळण्याचे आणि बोलण्याचे उपकरण एकच असल्यामुळे स्विचच्या खेळाडूंना भेडसावणारी दोन ध्वनिप्रवाहांची अडचण येथे नव्हती.

मोबाइल गेममधील अडचणी वेगळ्या स्वरूपाच्या आहेत. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाल्यावर अनेक फोन संगीताची पद्धत सोडून कॉलची पद्धत स्वीकारतात. त्यामुळे गेमच्या आवाजाचा दर्जा खालावतो. ब्लूटूथमुळे आवाज किंचित उशिरा पोहोचतो, म्हणूनही अनेक खेळाडू तारेचा इअरफोन पसंत करतात. बोलण्यासाठी लागणारा डेटा तुलनेने अल्प असतो. प्रति सेकंद ३२ किलोबिट या दराने एका ध्वनिप्रवाहास तासाला सुमारे १४.४ मेगाबाइट डेटा लागतो.

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. २०२१ साली आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या गेममध्ये १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांच्या दूरध्वनी क्रमांकाची आणि दैनंदिन वेळमर्यादेची अट ठेवण्यात आली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. व्यक्तीचा आवाज ही ओळख पटवू शकणारी माहिती असल्याने व्हॉइस चॅट पुरवणाऱ्या गेमच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

== मूल्यमापन ==

स्विच हा निन्टेन्डोच्या सर्वाधिक यशस्वी कन्सोलपैकी एक असून त्याची विक्री १५ कोटींहून अधिक झाली. व्हॉइस चॅटमधील उणिवांमुळे या यशात खंड पडला नाही. तथापि, सुरक्षेसाठी उभारलेली व्यवस्था वापरण्यास अवघड असेल तर वापरकर्ते ती टाळून कमी नियंत्रित पर्यायांकडे वळतात, याचे उदाहरण म्हणून या ॲपचा उल्लेख केला जातो. २०२५ मध्ये ॲपचे नाव बदलून ‘निन्टेन्डो स्विच ॲप’ असे करण्यात आले.

== हे सुद्धा पहा ==

* निन्टेन्डो स्विच
* स्प्लॅटून २
* डिस्कॉर्ड
* एक्सबॉक्स लाइव्ह
* बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया