विद्युत रोध व विद्युत शक्तीचे गणन

विद्युत रोध व विद्युत शक्तीचे गणन म्हणजे परिपथातील विभवांतर (व्होल्टेज) आणि विद्युतधारा (करंट) या दोन मोजलेल्या राशींवरून उपकरणाचा रोध आणि त्याने वापरलेली शक्ती काढण्याची पद्धत होय. हीटरसारख्या रोधी उपकरणांना तिची सूत्रे थेट लागू पडतात; विद्युत मोटारीला ती तशीच लावल्यास निष्कर्ष चुकतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा व परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागात शेती विहिरी आणि विंधन विहिरींवरील पंपांवर अवलंबून असते. अशा ठिकाणी हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो.

सूत्रे व एकके

रोध (ओहम) = विभवांतर (व्होल्ट) ÷ धारा (अँपिअर)
शक्ती (वॅट) = विभवांतर × धारा

ही दोन सूत्रे एकत्र केल्यास पुढील दोन रूपे मिळतात:

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

तापमान स्थिर असता धातूच्या वाहकातील धारा विभवांतराच्या सम प्रमाणात असते, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी पुढे प्रयोगांनी दाखवले.

रोधी उपकरणाचे उदाहरण

पाणी तापवण्याच्या रॉडवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले असल्यास त्यातील धारा १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर आणि रोध २३० ÷ ४.३५ = सुमारे ५२.९ ओहम येतो. व्होल्टेज १८० पर्यंत उतरल्यास धारा ३.४० अँपिअर होते व शक्ती १८० × ३.४० = ६१२ वॅट उरते. व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी घटले, तरी शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते. पाणी तापण्यास वेळ लागतो, मात्र रॉडला इजा होत नाही.

तंतूच्या दिव्याचा रोध तापमानानुसार बदलतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध ५२९ ओहम असतो. थंड तंतूचा रोध त्याच्या सुमारे दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी भरतो.

मोटारीचे गणन

चालू मोटारीत मुख्य व्होल्टेजला विरोध करणारे विभवांतर निर्माण होते व तेच धारेला आवर घालते. त्यामुळे वाइंडिंगचा ओहममापकाने मोजलेला रोध वापरून धारा काढल्यास उत्तर प्रत्यक्षापेक्षा फार मोठे येते. थ्री-फेज मोटारीसाठी पुढील सूत्र वापरतात:

शक्ती = १.७३२ × दोन फेजमधील व्होल्टेज × धारा × शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर)

५ अश्वशक्तीच्या पंपाची यांत्रिक शक्ती ५ × ७४६ = ३७३० वॅट असते. कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास मोटार सुमारे ४३९० वॅट घेते. शक्तिगुणक ०.८५ असता ४१५ व्होल्टला धारा सुमारे ७.२ अँपिअर येते.

कमी व्होल्टेजचा परिणाम

मोटारीचा वेग मुख्यतः वारंवारतेवर ठरतो आणि पाणी तितक्याच उंचीवर चढवायचे असते. म्हणून व्होल्टेज उतरले तरी मोटारीची शक्तीची मागणी फारशी घटत नाही. ती जास्त धारा ओढते. वरील पंपाला ३४० व्होल्ट मिळाल्यास, कार्यक्षमता व शक्तिगुणक तेवढेच मानून, धारा सुमारे ८.८ अँपिअर होते. धारा २२ टक्क्यांनी वाढली, तरी वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गामुळे सुमारे ४९ टक्क्यांनी वाढते. ही उष्णता टिकून राहिल्यास वाइंडिंगवरील निरोधक आवरण करपून मोटार जळते. हीटर कमी व्होल्टेजला थंडावतो, मोटार मात्र तापते.

विंधन विहिरीतील लांब केबलही व्होल्टेज खाते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या १०० मीटर तारेचा रोध सुमारे ०.६९ ओहम असतो. ७.२ अँपिअर धारेला तीन तारांत मिळून सुमारे १०७ वॅट वाया जातात व फेजमधील व्होल्टेज सुमारे ८.६ ने उतरते. योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवल्यास शक्तिगुणक सुधारतो आणि वाहिनीतील धारा व व्यय कमी होतो. वीज येताच ऑटो स्विचमुळे अनेक पंप एकाच वेळी सुरू झाल्यास रोहित्रावर भार येऊन व्होल्टेज आणखी घसरते.

मापन

व्होल्टमापक उपकरणाला समांतर, तर अँपिअरमापक एकसर जोडतात. टाँग टेस्टरने तार न तोडता धारा मोजता येते. त्यासाठी एकच तार त्याच्या कड्यात घ्यावी लागते. रोध मात्र वीजपुरवठा पूर्ण बंद करूनच मोजतात. पंपाचे व्होल्टेज तो चालू असताना मोजणे आवश्यक असते, कारण बंद अवस्थेत तारांतील घट दिसत नाही.

ऊर्जेचे गणन

ऊर्जा = शक्ती × वेळ. एक किलोवॅट शक्ती एक तास वापरल्यास एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. वरील पंप ४१५ व्होल्टवर आठ तास चालल्यास सुमारे ३५ युनिट वीज लागते.

हेही पहा

ओहमचा नियम
शक्तिगुणक
रोहित्र
प्रवर्तन मोटार