मधाचं दव आणि मामाची डावणी

आजचा भाग माझ्या फजितीचा आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला. तासगावच्या मामाने द्राक्षाच्या पानाचा फोटो पाठवला. पानाखाली पांढरी बुरशी. मी कोल्हापुरात लॅपटॉपसमोर बसून सर्च मारला, 'मिल्ड्यू' आलं, आणि रुबाबात फोन केला, "मामा, गंधक मार."

मामा हसला. "लेका, गंधक भुरीला. ही डावणी हाय. पान उलटं करून बघ, वरच्या अंगाला तेलकट डाग हायत."

झालं असं, की इंग्रजी दोन्हींना मिल्ड्यूच म्हणते. भुरी म्हणजे पावडरी मिल्ड्यू, डावणी म्हणजे डाउनी मिल्ड्यू. भुरी खरी बुरशी. डावणीचा जीव शेवाळाच्या जवळचा, त्यावर गंधक चालत नाही. माझं ऐकलं असतं तर बाग गेली असती.

मग हा शब्दच खणला. जुन्या इंग्रजीत 'मेले' म्हणजे मध, 'देआव' म्हणजे दव. मधाचं दव! (आपला 'मधु' इंग्रजीत 'मीड' या दारूच्या नावात सापडतो, हा 'मेले' वेगळ्या घराण्यातला, लॅटिन 'मेल'चा नातेवाईक.) पानांवरचा गोड चिकटा लोकांना आभाळातून पडलेलं दव वाटायचा. तो खरं तर मावा किडीने सोडलेला असतो. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा हे दव आपल्याकडे कितीतरी शेतकऱ्यांनी बोटाने पुसून बघितलंय. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. इंग्रजीतही तसंच झालं: दवाचं नाव बुरशीला चिकटलं आणि मध विसरला गेला. जर्मन लोकांनी तर त्या मधाचं पीठ केलं. त्यांचा शब्द 'मेलटाउ', आणि 'मेल' म्हणजे पीठ. भुरीचं पान बघितलं की पटतं.

डावणी मुळात अमेरिकेची. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये सापडली. तिथे बोर्दोकडचे बागायतदार चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने बघितलं की त्याच वेलींची पानं टिकलीत. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. आपलं बोर्डो मिश्रण ते हेच.

आणि 'डाउनी' म्हणजे नुसतं लव असलेलं. आपल्या बागायतदारांनी मिल्ड्यू टाकून दिलं, लव तेवढी ठेवली, तिची डावणी केली. औषध ठरवायला तेवढंच लागतं.

मामाने त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर जोडला. तरी चार ओळी गेल्याच. आता तो फोटो पाठवतो तेव्हा पानाच्या दोन्ही बाजूंचा पाठवतो, खाली लिहितो, "इंजिनिअर, ओळख."