संमेलनं दोन झाली, आता एक दुकान हवं

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या अमळनेरात एकाच आठवड्यात दोन साहित्य संमेलनं भरली. २ ते ४ तारखेला ९७वं अखिल भारतीय, अध्यक्ष रवींद्र शोभणे. ३ आणि ४ तारखेला १८वं विद्रोही, अध्यक्ष वासुदेव मुलाटे. त्याआधीचं अखिल भारतीय संमेलन इथे झालं ते १९५२ साली, कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे ७२ वर्षांनी मान मिळाला. गाव सजलं, दिंडी निघाली, पुस्तकं विकली गेली. मग मांडव उतरले.

तेव्हापासून एक प्रश्न ऐकतोय, ‘गावाला काय मिळालं?’ रस्ते आणि निधी यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. मला साहित्याचा हिशेब मांडायचाय, आणि तो जरा मागून मांडावा लागेल.

१९०७ साली जळगावात कवींचं संमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावचा एक पोरगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय जेमतेम सतरा. नावावर पुस्तक नाही, पाठीशी कुणी मोठा नाही. ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे ओळखलं आणि तो ‘बालकवी’ झाला. आज अख्खा महाराष्ट्र ज्या नावाने त्याला ओळखतो, ते नाव त्याला छापखान्याने दिलेलं नाही, ऐकणाऱ्यांनी दिलंय.

पुढचं उदाहरण तर अमळनेरचंच. साने गुरुजी इथे आधी तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. वाचक किती? वसतिगृहात मुलं असतील तेवढेच. पण लिहिलेलं कुणासाठी आहे, हे त्यांना रोज समोर दिसत होतं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि समोर बसून गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा तयार झाला. एक बोलला, काहींनी ऐकलं, एकाने लिहिलं. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो आणि ते ऐकतात. पुस्तकाची बांधणीच ऐकणाऱ्यांवर उभी आहे.

आणि बहिणाबाई! आसोद्याची लेक, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या म्हणायची. घरातल्या पोरांनी, सोपानदेवांनी आणि मावसभावाने, त्यातल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून वाचल्या. ती १९५१ च्या डिसेंबरात गेली. सोपानदेवांमुळे ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली पुस्तक आलं. तेच साल, ज्या साली अमळनेरात पहिलं संमेलन भरलं. कुणी ऐकून लिहूनच घेतलं नसतं तर? किती बहिणाबाया तशाच गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच संमेलनाकडे नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की खान्देशातलं चांगलं लिखाण आधी कुणाच्या तरी कानावर पडलंय, कागद नंतर आला. संमेलन हवंच, जळगावच्या त्या संमेलनाने बालकवी दिला. पण संमेलन वर्षातून एकदा, तेही दुसऱ्याच गावात. आणि कविकट्ट्यावर काय होतं ते आपण पाहतोच. नंबर आला, दोन मिनिटं वाचलं, फोटो काढला, निघाले. पुढच्याचं ऐकायला कोण थांबतं?

आपल्या अहिराणीसाठी तर हे फारच गरजेचं आहे. ‘आहे’ला आपण घरात ‘शे’ म्हणतो, पण पेन हातात घेतलं की तोंडातली भाषा पळते आणि शाळेतली येते. ओळ खरी की उसनी, हे कागदावर कळत नाही. मोठ्याने वाचली की समोर बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर लगेच कळतं.

तर सूचना साधी आहे. गावातल्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानदाराने महिन्यातून एक संध्याकाळ, शेवटच्या रविवारी म्हणा, दोन तास दुकान द्यावं. गाईडांचे गठ्ठे जरा बाजूला सारले तर पंधरा माणसं सहज बसतील. दहा मिनिटांत प्रत्येकाने आपलं लिहिलेलं वाचायचं. अध्यक्ष नाही, शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन नाही. नियम एकच, वाचणाऱ्याने शेवटपर्यंत बसून दुसऱ्यांचं ऐकायचं आणि कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगायचं. ‘छान छान’ म्हणायला बंदी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं म्हणावं, एखादं कॉलेजचं पोरगं ते उतरवून घेईल.

दुकानदाराचाही तोटा नाही. ऐकायला आलेला माणूस जाताना एखादं पुस्तक चाळतोच.

सतरंजी आणि चहा माझ्याकडे लागला. दुकान कोण देतंय, बोला.