सिटी ऑफ ग्लास (चित्रकादंबरी)

सिटी ऑफ ग्लास ही अमेरिकन लेखक पॉल ऑस्टर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली इंग्रजी चित्रकादंबरी आहे. तिचे रूपांतर पॉल कारासिक आणि डेव्हिड माझुकेली यांनी केले असून अंतिम रेखाटन माझुकेली यांचे आहे. न्यू यॉर्क येथील एव्हन बुक्स या प्रकाशनसंस्थेने ती १९९४ साली ‘निऑन लिट’ या मालेत प्रसिद्ध केली. बॉब कॅलाहन आणि आर्ट स्पीगलमन हे या मालेचे संपादक होते. मूळ कादंबरीचा खरा विषय भाषा हाच असल्याने ती चित्रांत आणणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. त्यामुळे कादंबरीचे चित्रकथेत रूपांतर कसे करावे, या प्रश्नाच्या अभ्यासात या पुस्तकाचा उल्लेख नेहमी केला जातो.

मूळ कादंबरी

ऑस्टर यांची ‘सिटी ऑफ ग्लास’ १९८५ साली प्रसिद्ध झाली. ‘घोस्ट्स’ आणि ‘द लॉक्ड रूम’ (दोन्ही १९८६) या कादंबऱ्यांसह ती ‘न्यू यॉर्क ट्रिलॉजी’ या नावाने ओळखली जाते.

कथेचा नायक डॅनियल क्विन हा टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारा लेखक आहे. त्याची पत्नी आणि मुलगा मरण पावले आहेत. एका रात्री त्याला चुकीच्या क्रमांकावर आलेला दूरध्वनी येतो. पलीकडच्या व्यक्तीला ‘पॉल ऑस्टर’ नावाचा गुप्तहेर हवा असतो. पुन्हा दूरध्वनी येतो तेव्हा क्विन आपणच तो गुप्तहेर असल्याचे सांगतो आणि पीटर स्टिलमन या तरुणाच्या संरक्षणाचे काम स्वीकारतो. मनुष्याची आदिम, ईश्वरदत्त भाषा शोधण्याच्या वेडापायी पीटरला त्याच्या वडिलांनी बालपणी नऊ वर्षे अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलेले असते. वडील आता मोकळे झालेले असतात. क्विन त्यांच्या मागावर राहतो, रोजच्या नोंदी एका लाल वहीत करतो आणि हळूहळू स्वतःचे घर, नाव व ओळख गमावून बसतो. रहस्यकथेच्या वाटेने सुरू झालेल्या या कथेत रहस्याचा उलगडा होत नाही. शब्द आणि वस्तू यांचे नाते तुटले तर माणसाचे काय होते, या प्रश्नापाशी ती वाचकाला आणून सोडते.

मालेची कल्पना

प्रसिद्ध कादंबऱ्यांची चित्ररूपे काढण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. १९४१ मध्ये सुरू झालेली ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ ही माला (आरंभीचे नाव ‘क्लासिक कॉमिक्स’) तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अशा पुस्तकांत कथानक संक्षेपाने सांगून त्यातील ठळक प्रसंग रेखाटण्यावर भर असे. मूळ ग्रंथाची शैली, निवेदनाची रीत आणि अर्थाचे पदर त्यात बहुधा गळून पडत. ‘माउस’ या चित्रकादंबरीसाठी १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या स्पीगलमन यांना अशी सुलभ आवृत्ती नको होती. गंभीर कादंबरीकारांनी चित्रकथेसाठी नवे लेखन करावे, असा त्यांचा आधी प्रयत्न होता. तो साधला नाही, तेव्हा उपलब्ध कादंबऱ्यांच्या रूपांतराची योजना पुढे आली आणि आरंभासाठी ‘सिटी ऑफ ग्लास’ निवडण्यात आली.

रूपांतराची प्रक्रिया

माझुकेली (जन्म १९६०) यांनी फ्रँक मिलर यांच्यासह ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ (१९८६) आणि ‘बॅटमॅन : इयर वन’ (१९८७) या गाजलेल्या कथा चित्रित केल्या होत्या. पुढे लोकप्रिय महानायककथांचा मार्ग सोडून त्यांनी ‘रबर ब्लँकेट’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. कुशल चित्रकार असूनही या कादंबरीची पृष्ठरचना करताना त्यांचे पहिले प्रयत्न अडखळले. कथेत लोक प्रामुख्याने बोलतात, चालतात, विचार करतात आणि लिहितात. हे जसेच्या तसे काढले तर बोलणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांची मालिका तेवढी उरत होती.

या टप्प्यावर स्पीगलमन यांनी कारासिक यांना पाचारण केले. कारासिक हे स्पीगलमन यांचे विद्यार्थी आणि ‘रॉ’ या नियतकालिकाचे सहसंपादक होते. योगायोग असा की, ब्रुकलिनमधील एका शाळेत शिकवत असताना ऑस्टर यांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्या निमित्ताने त्यांनी ही कादंबरी वाचून तिच्या रूपांतराची काही कच्ची टिपणे आपल्या वहीत आधीच करून ठेवली होती.

काम टप्प्याटप्प्याने झाले. कारासिक यांनी मजकुराची निवड करून संपूर्ण कादंबरीचा पृष्ठवार, चौकटवार कच्चा आराखडा रेखाटला. तो अतिशय घट्ट विणलेला होता. माझुकेली यांनी त्याची पुनर्रचना करून चित्रांना मोकळी जागा मिळवून दिली आणि नंतर काळ्या शाईत अंतिम पृष्ठे रेखाटली. मजकूर बहुतांशी ऑस्टर यांचाच ठेवण्यात आला. दीर्घ चिंतनपर परिच्छेद मात्र आखडते घ्यावे लागले.

नऊ चौकटींची जाळी

कारासिक यांच्या आराखड्याचा पाया म्हणजे प्रत्येक पृष्ठावर तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ समान चौकटींची जाळी. काही ठिकाणी चौकटी जोडून मोठे चित्र घेतले असले, तरी मूळ जाळीची जाणीव कायम राहते. या समान चौकटींमुळे वाचनाला ठोक्यासारखी एकसारखी लय मिळते. ही जाळी प्रसंगानुसार खिडकी, शहरातील इमारतींची मांडणी किंवा तुरुंगाचे दार अशी वेगवेगळी रूपे घेते, हे स्पीगलमन यांनी पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. कादंबरीत क्विन नियमांना धरून जगण्याचा प्रयत्न करतो. चित्रकादंबरीत तो नियम पानाच्या रचनेतच दिसतो. शेवटाकडे क्विनचे भान सुटत जाते तसतशा चौकटी तिरप्या होतात, एकमेकींपासून सुटतात आणि जाळी मोडते. नायकाचा विनाश निवेदनातून सांगण्याची गरज तेथे फारशी उरत नाही.

उल्लेखनीय प्रसंग

पीटरचे भाषण : कादंबरीचे दुसरे प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे पीटरच्या तुटक, यांत्रिक स्वगताने व्यापलेले आहे. चित्रकथेच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड भाग होता, कारण खुर्चीत बसून बोलणारा एक माणूस यापलीकडे तेथे दृश्य असे काही नाही. रूपांतरकारांनी संवादफुग्याच्या शेपटीचा उपयोग केला. चित्र क्रमाक्रमाने पीटरच्या तोंडाजवळ जाते, शेपूट त्याच्या घशात खोल उतरते आणि त्यानंतर तेच भाषण पाण्यातून वर येणारी आकृती, गुहाचित्र, मोरीचे भोक, ध्वनिमुद्रिकेचे यंत्र अशा असंबद्ध वस्तूंमधून येऊ लागते. अखेरीस ते अंधाऱ्या खड्ड्याच्या तळाशी पडलेल्या कळसूत्री बाहुलीपर्यंत पोहोचते. बोलणारा आणि त्याचा आवाज यांची फारकत झालेली आहे, ही गोष्ट एकाही अधिक शब्दाशिवाय वाचकाच्या ध्यानात येते.

शहर, चक्रव्यूह आणि ठसा : क्विनच्या न्यू यॉर्कमधील भटकंतीचे वर्णन करताना इमारतीचे चित्र चौकटीगणिक बदलत चक्रव्यूह बनते आणि तो चक्रव्यूह पुढे काचेवरील बोटाचा ठसा ठरतो. शहरात हरवणे आणि स्वतःची ओळख हरवणे यांचा संबंध या क्रमातून सूचित होतो.

पायवाटांची अक्षरे : वृद्ध स्टिलमन यांच्या रोजच्या फेऱ्या नकाशावर आखल्या असता त्यातून अक्षरे तयार होतात आणि ती ‘टॉवर ऑफ बॅबेल’ या शब्दांकडे बोट दाखवतात, असा क्विनचा समज होतो. मूळ कादंबरीतही या वाटांच्या काही रेषाकृती छापलेल्या आहेत. चित्रकादंबरीत नकाशा, अक्षर आणि चित्र एकाच रेषेने काढलेले असल्याने त्यांतील सीमा पुसट होते.

चित्रशैलीतही हेतुपूर्वक बदल केलेले आहेत. क्विनचे दैनंदिन जग साध्या, ठसठशीत रेषांत येते, तर भाषेच्या उत्पत्तीविषयीच्या धार्मिक व ऐतिहासिक चर्चेसाठी जुन्या मुद्राचित्रांची आठवण करून देणारी शैली वापरली आहे.

स्वागत आणि पुढील आवृत्त्या

‘निऑन लिट’ मालेत पुढे बॅरी गिफर्ड यांच्या ‘पर्डिटा डुरँगो’चे रूपांतर (१९९५) निघाले, मात्र माला फार काळ चालली नाही. ‘सिटी ऑफ ग्लास’ला मात्र दीर्घ आयुष्य लाभले. ‘द कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये केलेल्या विसाव्या शतकातील १०० श्रेष्ठ इंग्रजी चित्रकथांच्या यादीत तिचा समावेश झाला. २००४ मध्ये पिकाडोरने स्पीगलमन यांच्या प्रस्तावनेसह नवी आवृत्ती प्रसिद्ध केली.

माझुकेली यांनी पुढे ‘अ‍ॅस्टेरिओस पॉलिप’ (२००९) ही स्वतंत्र चित्रकादंबरी लिहिली व रेखाटली. कारासिक यांनी उरलेल्या दोन कादंबऱ्यांचे रूपांतरही पूर्ण केले. ‘घोस्ट्स’ची चित्रे इटालियन चित्रकार लोरेन्झो मात्तोत्ती यांनी, तर ‘द लॉक्ड रूम’ची स्वतः कारासिक यांनी काढली. तिन्ही भाग एकत्रितपणे २०२५ मध्ये पँथिऑनने प्रकाशित केले. त्याच्या सुमारे वर्षभर आधी, ३० एप्रिल २०२४ रोजी, ऑस्टर यांचे निधन झाले होते.

महत्त्व

कथानकाचा सारांश चित्रांत मांडणे आणि कादंबरीच्या रचनेला समांतर अशी चित्ररचना शोधणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सिटी ऑफ ग्लास’मध्ये दुसरा मार्ग स्वीकारला गेला. ऑस्टर यांनी रहस्यकथेचे नियम वापरून ते आतून मोडले, तर कारासिक आणि माझुकेली यांनी चौकट, फुगा आणि त्यांमधील मोकळी जागा या चित्रकथेच्या मूलभूत घटकांबाबत तेच केले. शब्दांवर अविश्वास दाखवणारी ही कथा त्यामुळे चित्रांवरही पूर्ण विश्वास ठेवू देत नाही, आणि मूळ कृतीशी तिची निष्ठा यातच दिसते.