माल्कमपेठेची माणसे

एखाद्या गावात कोण कोण राहते, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सरळ वाटतो. शिरगणतीचा तक्ता उघडावा, धर्म, भाषा, जात हे रकाने वाचावेत, खाली बेरीज पाहावी, की उत्तर हाती आले. परंतु ही माणसे तेथे का आली, कोणी कोणाला आणले, आणि त्या व्यवहारात कोणाचे काय गेले, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते. ते शोधण्यासाठी आम्ही एक लहानसे, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेले गाव निवडले आहे. हे गाव महाबळेश्वर होय. कागदोपत्री त्याचे नाव दीर्घकाळ माल्कमपेठ असे होते. २००१ च्या शिरगणतीत या गावाची वस्ती तेरा हजारांच्या आत भरली. एवढ्याशा वस्तीत किती देशांची आणि किती जातींची माणसे येऊन गेली, हे पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते.

साहेब येण्यापूर्वी हा डोंगर ओसाड होता, असा एक समज आहे. तो खरा नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वर पूर्वीपासून प्रसिद्ध होते. देवळाभोवती ब्राह्मणांची घरे होती. कोळ्यांचा देवस्थानाशी वंशपरंपरेचा संबंध होता. उतारावर कुळवाडी नाचणी आणि वरी पिकवीत; माथ्यावरच्या गवतावर गवळी धनगर म्हशी राखीत. याशिवाय धावड होते. हे मुसलमान कारागीर. डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडातील लोहखनिज ते कोळशाच्या भट्टीत वितळवीत आणि लोखंड काढीत. म्हणजे, माल्कमसाहेबाच्या आधीही येथे निरनिराळ्या कुळांची माणसे राहत होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला डोंगराचा एकेक जिन्नस आला होता. कोणाला तीर्थ, कोणाला माती, कोणाला गवत, तर कोणाला दगड.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज फौजेचा अधिकारी लॉडविक हा डोंगर चढून आला. पुढे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी रस्ता करवून दिला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने येथे आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसविण्याचे ठरविले, आणि १८२९ मध्ये महाराजांकडून ही जागा घेऊन त्याबदली वाई भागातील खंडाळा गाव त्यांना देण्यात आले. नव्या पेठेस गव्हर्नराचे नाव मिळाले. ज्या महाराजांनी वाट मोकळी केली त्यांना १८३९ मध्ये इंग्रजांनी गादीवरून दूर करून काशीस पाठविले, आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले.

गोऱ्या माणसाला हवा बदलायची, तर त्याच्यामागे पन्नास माणसे लागतात. बंगल्याला गवंडी आणि सुतार, स्वयंपाकाला खानसामा, कपड्यांना धोबी, पायांना जोडे शिवणारा चर्मकार, डोंगरावर ओझी वाहणारा हमाल. बाजारात पारशी, बोहरी, मारवाडी, गुजराती दुकानदार आले. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभार येथून चाले, तेव्हा पेठ गजबजून जाई. पावसाळा लागला, की अडीचशे इंचांच्या घरात कोसळणाऱ्या पावसात बंगल्यांना कुडाचे पडदे बांधले जात आणि साहेबमंडळी खाली उतरत. मात्र ज्यांचे घर तेथेच होते, ते कोठे जाणार?

आता या वस्तीतील सर्वांत अनपेक्षित माणसांकडे वळू. इंग्रजी राज्यात हिंदुस्थानातील जन्मठेपेचे कैदी मलाया भागातील पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथे पाठवीत. सिंगापुरातील सेंट अँड्र्यूज हे १८५६ मध्ये सुरू झालेले मोठे देवालय हिंदुस्थानी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. उलट बाजूने, तिकडचे चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात येत. त्यांच्यापैकी शंभरावर माणसांसाठी माल्कमपेठेत तुरुंग होता, तो १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांनी येथले रस्ते बांधले, बटाटे आणि इंग्रजी भाज्यांचे मळे फुलविले, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. आज वाईच्या बाजारात महाबळेश्वरी भाजी घेणाऱ्याला तिचा धागा दक्षिण चीनमधल्या कोणा बेडी पडलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचतो, याची कल्पनाही नसते. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच सरकारने एकमेकांच्या बंदिवानांकडून आपली गावे बांधवून घेतली, असा हा हिशेब आहे.

आम्हाला सर्वांत बोलकी वाटते ती या गावातील ठिकाणांची नावे. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट. लॉडविक कोण, एल्फिन्स्टन कोण, आर्थर मॅलेट कोण, हे वाटाड्याही सांगतो. मॅलेटची बायकामुले सावित्रीच्या पाण्यात बुडाली, ही करुण हकीकतही आपण ऐकतो. त्याच गावात एक धबधबा आहे, चायनामन फॉल. चिनी कैद्यांचे मळे त्याच्या जवळ होते, म्हणून हे नाव पडले. दुसरा धबधबा आहे धोबी फॉल. तेथे कोणता चिनी, कोणता धोबी, असे कोणी विचारीत नाही. साहेब गेला तो आपले नाव ठेवून गेला. ज्यांनी रस्ता बांधला आणि कपडे धुतले, ते आपला देश आणि आपली जात तेवढी ठेवून गेले. काही माणसे इतिहासात नावाने उरतात, काही नुसत्या रकान्याने उरतात. गावात कोण राहत होते, या प्रश्नाचे उत्तर येथेच दोन तुकड्यांत फाटलेले दिसते.

धावडांच्या वाट्याला तर धबधबाही आला नाही. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला रान लागते. रान राखण्याचे सरकारी धोरण कडक झाले, विलायती लोखंड स्वस्तात बाजारात येऊ लागले, आणि डोंगरावरच्या भट्ट्या विझल्या. लोखंड काढणारी माणसे मोलमजुरीकडे आणि शेतीकडे वळली. रान राखले हे चांगलेच झाले, असे आज कोणीही म्हणेल. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हेही त्याच वाक्यात म्हणावयास हवे.

याच्या शेजारी मिरजेचे उदाहरण ठेवून पाहावे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ही एकाच घरातली गोष्ट आहे. मिरजेतील शिकलगार हे हत्यारांना पाणी आणि धार देणारे कारागीर. तलवारीचे दिवस संपले, तेव्हा त्यांचाही धंदा बुडायचा. परंतु एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे आणि सतारी घडविण्यास आरंभ केला. मिरज संस्थानात गाण्याचा शौक होता, त्यामुळे कारागिरास आश्रय मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. शिकलगार आणि धावड, दोघेही लोखंडाशी झुंजणारे, दोघेही मुसलमान. एकाला दुसरे काम आणि गिऱ्हाईक मिळाले, म्हणून त्याचे नाव वाद्याबरोबर देशभर गेले. दुसऱ्याला मिळाले नाही. यात रक्ताचा संबंध कोठे आला?

रक्ताचा संबंध शोधण्याची मात्र एके काळी फार हौस होती. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाडोक्यांची मापे घेऊन हिंदी लोकांचे वंश ठरविले आणि मराठ्यांना शक-द्रविड ठरविले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे यांनीही महाराष्ट्रातील माणसांची मापे घेतली. परंतु त्यांचा निष्कर्ष निराळा होता. एका मोठ्या नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळाच्या फांद्या असतीलच असे नाही. प्रत्येक जात म्हणजे सोयरिकीने बांधलेला गोतावळा, आणि अशा गोतावळ्यांचे पुंजके म्हणजे ही मोठी नावे, असे त्यांचे म्हणणे होते. माल्कमपेठेकडे पाहिले, की हे पटते. येथली माणसे कामाने, हुकमाने आणि गरजेने गोळा झाली.

हा विषय जुन्या काळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे शिरगणतीतून प्रसिद्ध झाले नव्हते. २०२७ च्या शिरगणतीत जात पुन्हा विचारली जाईल, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. मोजणी व्हावी, असेच आमचे मत आहे. कारण ज्यांचा धंदा बुडाला ते आज कोठे आहेत, हे मोजल्यावाचून कळत नाही. भय आहे ते एवढेच, की रकाना भरला म्हणजे माणूस कळला असे आपण समजू, आणि मग मूळचा कोण, उपरा कोण, अशी भांडणे सुरू करू. माल्कमपेठेत मूळचा कोण हे ठरवू गेल्यास, बाजारपेठेतील जवळजवळ प्रत्येक घराला कोठून तरी चढून आल्याचे कबूल करावे लागेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक पेठेने आपली एक वही करावी. कोणते घराणे कोठून आले, कोणत्या कामासाठी आले, कोणाच्या हुकमाने वा स्वखुशीने आले, ते काम पुढे टिकले की बुडाले, एवढे चार प्रश्न तिच्यात असावेत. आणि उत्तरे देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे नाव, त्याची परवानगी घेऊन, शेवटी लिहावे. वयोवृद्ध माणसे आहेत तोवर हे काम होण्यासारखे आहे. त्या चिनी माळ्यांची नावे विचारून घेण्याची वेळ १८६४ मध्येच निघून गेली. आपल्या गावातील माणसांच्या बाबतीत ती अजून गेलेली नाही.